चुकाऱ्याची पावती घरून दिसत नाही, म्हणून सर्व्हरचं कुलूप काढायचं का?

धागाकर्ता, दारव्हा
तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची वेबसाइट मी पाहतो. 'कागदपत्र' फोल्डरचा पत्ता टाकला की आतली अख्खी यादी उघडत होती. आधार, पासबुक, सातबारा, सगळ्यांचे स्कॅन. फोल्डरमध्ये इंडेक्स फाइल (फोल्डर उघडताच दिसायचं पान) नसली आणि यादी दाखवायची मुभा चालू असली की अपाची, म्हणजे वेबसाइट चालवणारं सर्व्हर सॉफ्टवेअर, असंच करतो. मी ती मुभा काढली आणि .एचटीॲक्सेसमध्ये (फोल्डरमध्ये कोणाला येऊ द्यायचं ते लिहायची फाइल) फक्त ऑफिसचा आयपी, म्हणजे तिथल्या इंटरनेट जोडणीचा पत्ता, ठेवला. बाकी सगळ्यांना ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही'. चुकाऱ्याच्या पावत्याही तिथंच होत्या, म्हणून आता सभासद चिडलेत. माझं मत, चिडू द्या.

पऱ्हाटी
चिडू द्या म्हनता, पन सोयाबीनचा चुकारा पाहाले मानसानं एसटीनं तालुक्याले यावं काय? मोबाइलच्या नेटवर लय लोक एकाच आयपीमागं असते, अन् तो बदलतेही. कोनाचा आयपी टाकसान? ऑफिसचा तरी पक्का हाय काय? लाईन गेली, राऊटर बंद. लाईन आली, नवा आयपी. मंग तुम्हीच बाहेर!

धागाकर्ता
ऑफिसचा आयपी स्थिर घेतलाय भाऊ, त्याचे वेगळे पैसे भरतो.

बांधावरून
पण सातबारा लपवून काय साधलं? महाभूलेखवर गट नंबर टाकला की कोणीही पाहतो.

धागाकर्ता
सातबारा पाहा ना खुशाल. पासबुक दिसतं का महाभूलेखवर?

बांधावरून
बरं. मग सगळ्यांसाठी एक पासवर्ड लावून टाका, विषय संपला.

पऱ्हाटी
एकच पासवर्ड? सांजेपर्यंत व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपवर फिरन राजेहो. थ्या परीस तुमचं ४०३ बरं.

जुना लायनक्सवाला, पुसद
पासवर्ड लावाल तर आधी एचटीटीपीएस करा, म्हणजे वाटेत कोणाला काही वाचता येणार नाही. बेसिक पद्धतीत पासवर्ड फक्त बेस६४ मध्ये जातो, ती नुसती वेगळी लिखावट, कोणीही उलगडू शकतो, ते काही गुपित नव्हे. आणि एक गंमत ऐका, मी यात स्वतः फसलोय. अपाची २.४ मध्ये 'रिक्वायर आयपी' (ठरलेला आयपी हवा) आणि 'रिक्वायर व्हॅलिड-यूझर' (पासवर्ड हवा) एकाखाली एक लिहिलं की दोन्हींपैकी एक जुळलं तरी दार उघडतं. दोन्ही हवे असतील तर 'रिक्वायर ऑल'च्या आत घालावे लागतात. एन्जिनेक्स या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये नेमकं उलटं, तिथं मुळात दोन्ही लागतात. शिवाय मुख्य कॉन्फिगमध्ये 'अलाऊ ओव्हरराइड नन' असेल तर .एचटीॲक्सेस कोणी वाचतच नाही. कुलूप लावलंय असं वाटतं, दार मात्र सताड उघडं. मोबाइलचा डेटा चालू करून बाहेरून तपासलं का?

धागाकर्ता
तपासलं. ४०३च येतो. रोबोट्स.टीएक्सटीमध्ये (सर्च इंजिनांना 'इकडे येऊ नका' सांगणारी, कोणालाही वाचता येणारी फाइल) फोल्डरचं नाव टाकण्याचाही सल्ला मिळाला होता. म्हणजे चोराला कोठीचा पत्ता लिहून देणंच की!

जुना लायनक्सवाला, पुसद
तरी माझा विरोध कायम आहे. आधारचे स्कॅन वेबच्या फोल्डरमध्ये ठेवलेच कशाला? उद्या सर्व्हर बदलताना ही .एचटीॲक्सेस फाइल न्यायची राहिली की सगळं पुन्हा उघडं. त्या स्कॅनना वेबच्या मुळाबाहेर हलवा, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यावरून पोचताच येणार नाही अशा फोल्डरमध्ये. पावत्यांना प्रत्येक सभासदाचं वेगळं लॉगिन द्या.

धागाकर्ता
हे मान्य. स्कॅन आज रात्रीच हलवतो. लॉगिनला मात्र वेळ लागेल, तोवर पावत्यांनाही ४०३च राहील. पऱ्हाटी, तुमची पावती हवी तर फोटो काढून पाठवतो.

पऱ्हाटी
पाठवा. पन ग्रुपवर नोका टाकू बाप्पा.