कारण दर वेळी डोक्यातच नसतं

एकाने विचारलंय, "काही टेन्शन नसताना, रविवारी दुपारी सोफ्यावर बसल्याबसल्या पॅनिक अटॅक आला, मग कारण काय?" माझंही असंच झालं होतं.

आदल्या रात्रीचं जागरण, रिकाम्या पोटी तीन कप कडक कॉफी, वर सर्दीची गोळी (नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांनी ठोके वाढतात). तेवढं पुरलं. धडधडलं, घाबरलो, भराभर श्वास घ्यायला लागलो. गोची इथेच आहे. तसा श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना मुंग्या, ओठ बधिर, चक्कर. आपल्याला वाटतं हवा कमी पडतेय, आणि आपण आणखी ओढतो!

दारू उतरतानाही असंच होऊ शकतं. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तरी धडधड होते, तेव्हा रक्त तपासून घ्या. आणि पहिलीच वेळ असेल तर ईसीजी काढाच, 'गॅस असेल' म्हणत घरी बसू नका.

पुढे मात्र सगळ्यात मोठा ट्रिगर उरतो तो 'परत आला तर?' हा. मी कित्येक महिने फास्ट लोकल टाळली, कारण मधल्या स्टेशनांवर उतरता येत नाही. शेवटी स्लोचीही धास्ती वाटू लागली. थेरपिस्टने मला चक्क जागच्या जागी पळायला लावून ठोके वाढवायला लावले, त्या धडधडीची सवय व्हावी म्हणून. वेडेपणा वाटला, पण उपयोग झाला.

कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.