रस्ता सुरक्षेच्या नावानं गुलाब वाटणं बंद करा

पायरीवरचा
परवा आमच्या चौकात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम झाला. मंडप, स्पीकर, शाळेची पोरं आणि विनाहेल्मेटवाल्यांना गुलाब. मी हेल्मेट घालून होतो, म्हणून मला गुलाब नाही. असो.

माझा मावसभाऊ ऑक्टोबर २०२३ मध्ये गेला. सेकंड शिफ्ट सुटल्यावर सायकलवरून घरी येत होता. मागून कुणीतरी उडवलं आणि पळालं. गाडी सापडलीच नाही. मावशीकडे कापड दुकानाची एक पिशवी आहे. तिच्यात एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आणि त्याचा चेपलेला डबा. झाकण अजून निघत नाही, ती काढूही देत नाही.

दीड वर्षानं एका ओळखीच्या वकिलाकडून कळलं की, गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते. मोटार वाहन कायद्याचं कलम १६१. मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर जखमीला ५० हजार. १ एप्रिल २०२२ पासून हे दर आहेत, त्याआधी २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदाराकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्याची. आम्ही गेलो तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, असा फॉर्म आमच्याकडे नसतो, पोलिसांकडे जा. पोलीस म्हणाले, तहसीलला जा.

हे आमचंच नशीब नाही. २०२२ साली देशात ६७,३८७ हिट अँड रन अपघात झाले आणि २०२२-२३ मध्ये भरपाईसाठी अर्ज आले २०५. हे आकडे सुप्रीम कोर्टाच्या जानेवारी २०२४ च्या आदेशातले आहेत. महिनाभरात गाडी सापडली नाही तर पोलिसांनी घरच्यांना या योजनेची लेखी माहिती द्यावी, असंही त्याच आदेशात आहे. आमच्याकडे कुणी फिरकलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. मंडपाचा खर्च वाचवा आणि प्रत्येक तहसील कचेरीत एक टेबल टाका. अपघातात सापडलेल्यांचे अर्ज भरून द्या. मोहीम म्हणतात ती ही.

गिअरबॉक्स
भावाचं वाचून वाईट वाटलं. तरी धाग्याशी सहमत नाही. मी अठरा वर्षं गाडी शिकवतोय. तुमच्या टेबलापाशी जो अर्ज येईल, त्यातला माणूस आधीच गेलेला असेल. मला तो जायच्या आधी गाठायचाय.

२०२२ मध्ये देशात हेल्मेट नसताना गेलेले दुचाकीस्वार आणि मागे बसलेले मिळून ५०,०२९. हेल्मेटनं मृत्यूचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी कमी होतो. आणि आपलं पुणं काय करतं? २०१९ च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली, तर विरोधात मोर्चे. आजही निम्मे लोक हेल्मेट कोपरात अडकवतात, जसं काही कोपर फुटलं तर माणूस मरतो. ज्यांच्या डोक्यावर असतं त्यांचा पट्टा लोंबत असतो. गुलाब मलाही बावळटपणा वाटतो, पण त्या मंडपात मी दिवसभर उभा राहून पट्टे लावून देतो. ते बंद करा म्हणू नका.

उगाच_एक
२ लाख! गुंठाभर जमीन येत नाही तेवढ्यात. घ्या आणि गप्प बसा, असंच ना?

खडीवाला
तुम्ही दोघंही रस्त्याला मोकळं सोडताय. पुण्यातला कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा उतार बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकनं तिथं दोन डझन तरी गाड्या ठोकल्या. लगेच ओरड झाली की ड्रायव्हरनं गाडी न्यूट्रल केली. करतात, डिझेल वाचवायला करतात, आणि मग ब्रेकवर सगळा भार येऊन ब्रेक तापतात. पण इतका लांब उतार सरळ शहराच्या वर्दळीत आणून सोडला कुणी? ड्रायव्हर चुकणार हे धरूनच रस्ता बांधायचा असतो. गुलाब द्यायचेच असतील तर आमच्या खात्यातल्या नकाशावाल्यांना द्या, काट्यांसकट.

गिअरबॉक्स
खडीवाला, मान्य. पण उतार सपाट होईपर्यंत मी पोरांना खालच्या गिअरमध्ये उतरायला शिकवू की नको?

रात्रपाळी
मी अपघात विभागात नर्स आहे. दोघांच्या भांडणात एक माणूस राहूनच गेला. जखमीला घेऊन येणारा.

गेल्या पावसाळ्यात रात्री दीडला एक दूधवाला आला. टेम्पोत मागे कॅनच्या मधोमध एक पोरगा निजवलेला, डोक्याखाली दूधवाल्याचा दुमडलेला रेनकोट. आम्ही पोराला आत घेतलं आणि वळून बघते तर टेम्पो गेला. रेनकोटसुद्धा न्यायला थांबला नाही. का? पोलीस चौकशी, कोर्टाच्या तारखा, "तूच ठोकलंस का" ही भीती. पोरगा वाचला. त्याची आई अजून विचारते, कुणी आणलं.

कायद्यात २०१९ पासून कलम १३४अ आहे. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही. त्याआधीही २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे बंधनकारक केलं होतं. मोहीम करायचीच तर टपरीवर, पेट्रोल पंपावर, दूध डेअरीवर करा. चौकात गुलाब घेणाऱ्याला याचा काय उपयोग?

आणि मे २०२५ पासून अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजनाही आहे, ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवस, दीड लाखापर्यंत. नातेवाईक तरीही आधी एटीएम शोधत पळतात.

पायरीवरचा
ताई, डोळ्यात पाणी आलं. माझ्या भावाला कुणी उचललं असतं तर… जाऊ दे.

उगाच_एक, गप्प बसायला कोण सांगतंय? २ लाख कमीच आहेत. रक्कम वाढवता येईल का ते बघा, असं त्याच आदेशात कोर्टानं केंद्राला सांगितलंय. पण ज्याला २ लाख आहेत हेच ठाऊक नाही, तो २० लाखांसाठी कसा भांडेल?

गिअरबॉक्स, तुमचं पट्टे लावणं बंद करा असं मी म्हणत नाही. शीर्षक तापून लिहिलं गेलं. तरी एक विचारतो. माझा भाऊ सायकलवर होता, आपल्या कडेनं चालला होता. त्याची काय चूक होती, जी तुमच्या मंडपात सुधारली असती?

गिअरबॉक्स
त्याची नाही. ज्यानं उडवलं त्याची. तो कदाचित माझ्यासारख्याकडूनच शिकून गेला असेल. हे मी मनाला लावून घेतलंय.

तरी तहसीलच्या टेबलाबद्दल शंका आहेच. दोन दिवस फोटो निघतील, तिसऱ्या दिवशी टेबलावर कुणाचा तरी डबा.

पायरीवरचा
तेवढा धोका आहे.

नवीनच
पहिल्यांदाच लिहितोय. माझ्या मामांचा पाय गेला, जून २०२४, गाडी सापडली नाही. ते हयात आहेत. त्यांना पण मिळतं का?

पायरीवरचा
मिळतं, गंभीर जखमींचे ५० हजार. एफआयआरची प्रत, जखमांचा दाखला, दवाखान्याची बिलं, ओळखपत्र, पासबुक. कोणत्या तहसीलला आहात? आमच्याच असाल तर बुधवारी अकराला मी मावशीला घेऊन जाणार आहे, मामांचे कागद घेऊन या. झेरॉक्स दोन-दोन काढा, तिथलं मशीन बंद असतं.