तरंगांचं प्रसरण, प्रसारण की आणखी काही?

दगडफूल: एका अहवालाचा अनुवाद करतेय. भूकंपात धरणातून आणि खालच्या खडकातून तरंग कसे जातात, त्याचं संगणकावरचं गणित. 'वेव्ह प्रॉपगेशन'ला मी 'तरंग-प्रसरण' लिहिलं. तपासणाऱ्या अभियंत्यांचा शेरा आला, "धरण फुगतंय का?" तुम्ही काय लिहाल?

जुनं पंचांग: शेरा रास्त आहे. प्रसरण तापलेल्या लोखंडाचं, सोबत आकुंचन हवंच. 'प्रसारण' करा.

दगडफूल: ते आकाशवाणीचं हो!

तिरकस: दोन्हींचा धातू एकच, सृ. सरिताही त्यातलीच. आणि धरण आलं धृ पासून. सरतं त्याला धरतं ते धरण!

काँक्रीटवाला: वा. पण आम्ही सरळ 'वेव्ह' म्हणतो. खरी गोची 'पाया'ची आहे. घराचा पाया आपण बांधतो, धरणाचा पाया म्हणजे खालचा अख्खा खडक. मॉडेलमध्ये तो कुठेतरी कापावाच लागतो. मग कापलेल्या कडेवर आपटून तरंग परत धरणाकडे येतात, खऱ्या खडकात ते खोल निघून गेले असते. म्हणून कडेला डॅशपॉट, म्हणजे हालचालीची ऊर्जा गिळणारे दट्टे, मॉडेलमध्ये लावतात. लायस्मर आणि कुलेमायर या अभियंत्यांची १९६९ची युक्ती. ताकद किती? खडकाची घनता गुणिले तरंगाचा वेग. समोरून आलेला तरंग गिळला जातो, तिरपा आला तर थोडा परततोच.

दगडफूल: त्याच कडेला मी 'शोषक सीमा' म्हटलंय.

जुनं पंचांग: शोषक म्हणजे सावकार! 'शोषणक्षम' म्हणा.

तिरकस: आणि टीपकागद कुणाचं शोषण करतो?

सहज आलो: भूगोलात आपण 'भूकंपलहरी' शिकलो, तरंग कुठून आले?

काँक्रीटवाला: पदार्थविज्ञानातून. लहरी, तरंग काहीही चालेल, 'लाट' तेवढी नको. जलाशयाच्या पाण्यातून दाबाचा तरंग सेकंदाला जवळजवळ दीड किलोमीटर पळतो. लाट म्हटलं की वाचकाला फेस दिसतो. भूकंपात पाण्याचा धरणावर किती दाब येतो याचं गणित वेस्टरगार्ड या अभियंत्यांनी १९३३ साली पाणी दाबलं जातं हे धरूनच मांडलं, पण व्यवहारात राहिलं ते पाण्याऐवजी धरणाला चिकटवलेलं जादा वस्तुमान. त्यात तरंग उरतच नाही.

जुनं पंचांग: 'लहरी' नको, धरण लहरी वाटेल.

दगडफूल: बरं, गणितासाठी धरण आणि खडकाचे छोटे तुकडे पाडतात, त्या 'मेश'ला जाळी लिहू ना? खडकात तरंगवेग सेकंदाला २,००० मीटर, वारंवारता २० हर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी १०० मीटर. तिच्यात दहा तुकडे हवेत, म्हणून जाळीचं घर १० मीटरचं.

तिरकस: घर? डोळा म्हणा. मासेमारीच्या जाळ्याला डोळेच असतात.

जुनं पंचांग: तुकडे कसले, 'घटक'. आणि टीपकागद शोषक नाही, शोषून घेणारा आहे.