पणजोबा लाल बावट्यात (कम्युनिस्टांच्या कामगार चळवळीत) होते का, कसं शोधायचं?

डिलाईलरोडकर
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी आजी गेली. तिची जुनी ट्रंक आवरताना पोथीच्या पानांत घडी घातलेली एक पावती सापडली, वर गिरणी कामगार युनियन छापलंय, साल १९२८. नाव फक्त पणजोबांचं आणि त्यांच्या वडलांचं, आडनाव नाहीच. पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातले, परळच्या बाजूला गिरणीत सांचे खात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते एवढंच घरात माहीत आहे. बाबा सांगतात की आजोबा नेहमी म्हणायचे "आपला म्हातारा लाल बावट्यातला, डांगे-निंबकरांच्या सभेत पुढे बसायचा" (हे दोघे तेव्हाचे कम्युनिस्ट कामगार पुढारी) पण यात खरं किती आणि घरात वाढत गेलेलं किती ते कळत नाही. ते गिरणी कमिटीत होते का, त्यांना अटक वगैरे झाली होती का, हे कुठे कळेल? मला हे मनापासून शोधायचंय, आजी असताना विचारलं नाही याचं फार वाईट वाटतं.

जुनी_कागदपत्रं
पावती आधी अ‍ॅसिड-फ्री कागदात ठेवा आणि फोटो काढून ठेवा, लॅमिनेशन अजिबात करू नका.

आता मुद्द्याचं. पीएफच्या मागे लागू नका, पीएफ कायदा १९५२ चा, त्याआधी काम सोडलं असेल तर तिथे काही मिळणार नाही. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. विणकराने दोनऐवजी तीन सांचे सांभाळायचे, म्हणजे तेवढे बाकीचे घरी बसणार, हे त्या भांडणाचं मोठं कारण होतं. तुमचे पणजोबा सांचेवाले, म्हणजे ही झळ थेट त्यांच्या खात्याला. युनियन त्या संपातच उभी राहिली आणि वर्षअखेरीस सभासद पन्नास हजारांच्या वर गेले, त्यामुळे नुसती पावती म्हणजे माणूस कम्युनिस्ट होता असं धरू नका. पण कमिटीतला असेल तर माग लागू शकतो. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे गृह खात्याच्या 'स्पेशल' शाखेच्या फायली मागा, संपाचे पोलिस रिपोर्ट त्यात असतात. २० मार्च १९२९ ला मीरत खटल्याच्या (कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरचा कटाचा खटला) अटका झाल्या, त्यात डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर, घाटे यांच्यासोबत अर्जुन आळवे आणि कासले हेही होते, हे दोघे स्वतः गिरणी कामगार. त्या खटल्याचे कागद छापील आहेत, साक्षीपुरावे वाचताना त्या वेळचं गिरणगाव समोर उभं राहतं.

आणि एक, नाव जुळलं नाही तर लगेच सोडून देऊ नका. बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी येणारा, कधीकधी दुसऱ्याच्या हजेरीच्या तिकिटावर दुसऱ्याच्या नावाने काम करायचा, त्यात इंग्रजीत मस्टर लिहिणारा कारकून कानाला येईल तसं लिहायचा.

वाइंडिंगवालीची_पणती
वरचं सगळं बरोबर पण माझा अनुभव असा की मुंबईपेक्षा गावाकडे जास्त सापडतं. कोकणातल्या गावांच्या परळ-लालबागला गावकीच्या खोल्या होत्या, एका खोलीत वीस-पंचवीस गडी, पाळीप्रमाणे झोपायचे, आणि मंडळाची वर्गणीची वही असायची, आमच्या गावात ती वही अजून आहे, त्यात कोण कुठल्या गिरणीत आणि कोणाची वर्गणी थकली ते लिहिलंय, संपाच्या महिन्यांत पानंच्या पानं नुसती थकबाकी.

आणि प्लीज पणजीचंही शोधा. सहा महिने पगार नाही तर घर कोणी चालवलं? खाणावळवाल्या बायकांनी उधारीवर जेवू घातलं म्हणून संप टिकला, हे मी आमच्या घरात ऐकत मोठी झाले. पावत्या पुरुषांच्या नावाच्या, पण आमच्याकडे मंगळसूत्र गहाण पडलं ते पणजीचं.

नायगाव_बीडीडी
एक बाजू माझीही लिहितो, रागावू नका. माझे पणजोबा महार, स्पिनिंगला (सूतकताई खात्यात) होते. सांचे खात्यात पगार जास्त पण तिथे आमच्या लोकांना घेत नसत, कारण सुताची कांडी बदलताना धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणारं साधन) धागा तोंडाने ओढायचा, मग विटाळ. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न युनियनपुढे लावून धरला. त्यामुळे आमच्या घरात लाल बावट्याबद्दल आदर आहे आणि दुखणंही आहे, दोन्ही. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ च्या संपात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले, त्या दिवसाचं माझे आजोबा डोळे भरून सांगायचे. तुमचे पणजोबा सांचेवाले ना, मग त्या खात्यात तेव्हा या प्रश्नावर काय बोललं जायचं, घरात कोणाला आठवतंय का तेही विचारा. तोही त्याच इतिहासाचा भाग आहे.

डिलाईलरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल गावी आत्याला फोन केला. ट्रंक मुळात पणजीची, आजीकडे नंतर आली. पणजी नऊ गड्यांची खाणावळ चालवायची, आणि संपात तिच्या पाटल्या गेल्या त्या परत आल्याच नाहीत, हे आत्याने काल पहिल्यांदा सांगितलं कारण आजवर कोणी विचारलंच नव्हतं. म्हणजे ती पावती इतकी वर्षं पणजीने जपली होती. नायगावकर, तुमचा प्रश्नही विचारला, आत्या बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली गणपतीला ये, समोर बसून सांगते. जातोय. वहीचंही तिथेच बघतो.