मदत हवी आहे: एका डिस्कवर दोन डेबियन, जुनं सुरू होताना अडकतंय

ग्रंथपाल_तालुका
वाचनालयाच्या काउंटरवर डेबियन १२ (लिनक्स) आणि कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) आहे, सगळी देवघेव त्यावरच. कोहाची नवी आवृत्ती आधी तपासावी म्हणून त्याच डिस्कवर डेबियन १३ टाकलं. आता जुनं सुरू होताना दीड मिनिट थांबून राहतं. मशीन सुरू करतानाच्या मेनूतही नवंच वर. उद्या सकाळी काउंटर उघडायचंय, लवकर सांगा.

खटपट्या
मशीन सुरू होतं ते यूईएफआयने की जुन्या बायोसने? डिस्कची विभागणी जीपीटी की एमबीआर? स्वॅप (रॅमला पूरक डिस्कचा भाग) वेगळी आहे का? एवढं कळल्याशिवाय सगळे अंदाजच होतील.

रात्रपाळी
पार्टिशनच्या भानगडीत पडताच कशाला? व्हर्च्युअल मशीन (मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) घ्या, बिघडलं की फाइल उडवा. आमच्या कॉलेजात सगळं तसंच चालतं.

ग्रंथपाल_तालुका
रॅम ४ जीबी आहे हो, व्हर्च्युअलमध्ये कोहा रखडतं. यूईएफआय, जीपीटी. पार्टिशनं: एक ईएफआय (सुरू होण्याच्या फाइलींचं), दोन रूट (प्रत्येक डेबियनचं आपलं), स्वॅप दोघांत मिळून एक.

खटपट्या
मग दुखणं स्वॅपमध्येच. इन्स्टॉलरने ती पुन्हा फॉरमॅट केली, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) बदलला. १२ जुन्या यूयूआयडीची ९० सेकंद वाट बघतं आणि स्वॅपशिवाय पुढे जातं. १२ मध्ये जाऊन बीएलकेआयडी कमांडने नवा यूयूआयडी काढा, एफस्टॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या पार्टिशनांची यादी) घाला. इनिटरॅमएफएस-टूल्सच्या (सुरू होतानाची पहिली फाइल बनवणारं पॅकेज) रिझ्यूम फाइलमध्ये जुना असेल तर तिथेही, मग अपडेट-इनिटरॅमएफएस. आणि एकच स्वॅप सामायिक असताना हायबरनेट (रॅम स्वॅपमध्ये लिहून मशीन बंद करणं) कधीच करू नका.

मेनूचं प्रकरण मात्र जास्त गंभीर आहे. दोन्ही डेबियन ईएफआयवर एकाच नावाच्या फोल्डरात लिहितात, त्यामुळे मेनू आता चाचणीवाल्या १३ च्या ताब्यात आहे. उद्या १३ चं पार्टिशन पुसलंत तर १२ सुद्धा सुरू होणार नाही! १२ मधून ग्रब-इन्स्टॉल चालवा (ग्रब म्हणजे हा मेनू दाखवणारा प्रोग्राम), ओएस-प्रोबर (डिस्कवरची दुसरी सिस्टिम शोधणारा) चालू करा, मग अपडेट-ग्रब. तिथून १३ सुरू होतंय ना ते बघा आणि १३ मधली ग्रब व शिमची (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम) पॅकेजेस होल्डवर टाका, म्हणजे ती अपडेट होणार नाहीत. त्याआधी कोहा-डंप (कोहाचा बॅकअप) काढून पेनड्राइव्हवर घ्या.

सह्यकडा
डेटाबेसचं पार्टिशनपण दोघांत एकच ठेवा ना, कॉपी करत बसायला नको.

खटपट्या
अजिबात नको! १२ मध्ये मारियाडीबी (डेटाबेसचं सॉफ्टवेअर) १०.११, १३ मध्ये ११.८. नव्या आवृत्तीने एकदा फाइली अपग्रेड केल्या की जुन्यावर परत येण्याचा भरवसा नाही. चाचणीसाठी कोहा-रिस्टोरने प्रतच घ्या.

सह्यकडा
मी पाच वर्षं होम (वापरणाऱ्याच्या फाइलींचं पार्टिशन) सामायिक ठेवलंय, काही झालं नाही.

खटपट्या
होम वेगळं, डेटाबेस वेगळा. सभासदांच्या नोंदी आहेत त्यात.

रात्रपाळी
म्हणूनच व्हर्च्युअल म्हणत होतो. रॅम वाढवा, स्वस्तात होईल.

पानोपानी
विषय थोडा वेगळा, पण कोहात मराठी शीर्षकं अकारविल्हे नीट लागतात का? आमच्याकडे 'ळ' आणि 'ज्ञ' भलतीकडेच जातात.

ग्रंथपाल_तालुका
एफस्टॅब बदललं, १२ आता लगेच उघडतं. डंप घेऊन ग्रबही केलं, मेनूत १२ आता वर आलं, १३ खाली दिसतंय आणि सुरूही होतंय. होल्ड केलं. खटपट्या, फार आभार. आता १३ वर रिस्टोर करतोय.

खटपट्या
थांबा, रिस्टोरनंतर इंटरनेट जोडण्याआधी कोहा-ईमेल-डिसेबल चालवा. नाहीतर मुदत उलटल्याची पत्रं खऱ्या सभासदांना चाचणीच्या मशीनवरूनही जातील.