धिंगरी अळंबीच्या (ऑयस्टर मशरूम) पिशव्या हिरव्या पडतायत, काय करू?

पेडण्याहून: पावसात मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर धिंगरी लावली, 10 पैकी 4 पिशव्या हिरव्या पडल्या, पेंढा रात्रभर साध्या पाण्यात भिजवलेला, कुठे चुकलं कोण सांगेल का?

सत्तरीतून: ती ट्रायकोडर्मा बुरशी, नुसतं भिजवून मरत नाही हो. पेंढा 80 डिग्रीच्या पाण्यात तासभर ठेवा, मग निथळून मुठीत दाबला तर थेंब गळता नये एवढाच ओला. आधी त्या हिरव्या पिशव्या न उघडता खोलीबाहेर काढा!

फोंड्याहून: पेंढा यंदाचा, कोरडा हवा. मी पोफळीच्या झावळ्यांचे तुकडेपण वापरले, येते पण पेंढ्याएवढी नाही. एप्रिल-मेत दुधी अळंबी करा, तिला 30-35 डिग्री चालतं, फक्त वर मातीचा थर लागतो.

पेडण्याहून: थँक्यू, उद्याच भाण (पाणी तापवायचं मोठं भांडं) तापत घालतो.