शेनिन ब्लांक: नाशिक, स्टेलनबॉश आणि वूव्रे एकाच टेबलावर. निवाडा कसा करायचा?

घोटभर:
माणसं सहा, पांढऱ्या वाईनच्या बाटल्या तीन, द्राक्ष एकच: शेनिन ब्लांक. एक नाशिकची, एक दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशची आणि एक फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली वूव्रे. बाटल्या झाकून चाखायच्या आहेत. अडचण अशी, की अशा बैठकीत जी जरा गोडसर ती हमखास पहिली येते, प्रदेश कुठलाही असो. शिवाय गुण २० पैकी की १०० पैकी यावरच वाद पेटतो. ग्लास, तापमान, माप, क्रम, सगळं सविस्तर सांगा.

खरडछाटणी:
खरेदीतच निम्मं काम होतं. नाशिकच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी साखर मुद्दाम ठेवलेली असते आणि वूव्रे तर कोरडीपासून (म्हणजे साखर जवळजवळ नसलेली) मधासारखी गोड अशी सगळ्याच प्रकारांत मिळते. वूव्रेच्या लेबलवर ‘सेक’ (कोरडी) लिहिलेलं पाहूनच घ्या. ‘दमी-सेक’ (अर्धगोड) किंवा ‘मोएल्यू’ (गोड) असेल तर ती या टेबलावर नको. तिन्ही कोरड्या असल्याशिवाय तुलना म्हणजे सरबतांची स्पर्धा.

साखर माणसाला कशी फसवते हे आधी जिभेवर दाखवा. ५० ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली पाक करा. स्टेलनबॉशच्या बाटलीतून २०० मिली काढा, १००-१०० मिलीचे दोन भाग करा. एकात सिरिंजने २ मिली पाक, दुसऱ्यात २ मिली साधं पाणी. पाकवाल्या भागात लिटरला सुमारे १० ग्रॅम साखर वाढते. वाईन तीच, पण आंबटपणा कमी, फळाची चव जास्त आणि वाईनचं अंग दाट लागतं. मग सगळ्यांना सांगा: आंबटपणा जिभेच्या पहिल्या प्रतिक्रियेवरून मोजू नका. घोट थुंकून टाका आणि तोंडाला पाणी किती वेळ सुटत राहतं ते बघा. साखर चव झाकते, लाळ थांबवत नाही.

फरक येतो कुठून तेही ध्यानात असू द्या. नाशिकला वेल थंडीत झोपतच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी (घडांसाठी), आणि काढणी जानेवारी ते मार्च. उशिरा काढलेला माल चढत्या उन्हात पिकतो, द्राक्षातलं मॅलिक आम्ल झपाट्याने उतरतं, म्हणून टार्टारिक आम्ल घालून तोल साधणं सर्रास चालतं. वूव्रेत काढणी सप्टेंबरअखेरीपासून, एकाच मळ्यात टप्प्याटप्प्याने, कधी नोव्हेंबरपर्यंत. तिथला आंबटपणा कणखर असतो आणि शेवटपर्यंत टिकतो.

तळघर:
मांडणीचं मी सांगतो.

ग्लास सगळे एकसारखे, तोंडाशी निमुळते. २१५ मिलीचा ट्यूलिप आकाराचा आयएसओ ग्लास (चाखण्यासाठीचा प्रमाणित ग्लास) मिळाला तर उत्तम. भांड्याच्या साबणाचा वास राहतो म्हणून गरम पाण्याने दोनदा खंगाळा आणि उपडे न ठेवता वाळवा. उपड्या ग्लासात कपाटाचा वास कोंडतो. ओतायचं ५० मिली, मापाने.

तापमान १० ते १२ अंश. आपला फ्रिज ४-५ अंशांवर असतो. तिथून काढून लगेच ओतली की वास मुका आणि आंबटपणा टोचरा. बाटली साधारण २० मिनिटं बाहेर ठेवा, मे महिन्यात त्याहून कमी, आणि थर्मामीटर बुडवून खात्री करा. तिन्हींत दोन अंशांहून जास्त फरक नको, नाहीतर तुम्ही थंडाव्यालाच गुण द्याल.

त्या खोलीत उदबत्ती, गजरा, अत्तर नको. फोडणीही दोन तास आधी आटपा. खायला साधा पाव आणि पाणी. चीज आणि फरसाण नंतर. चीजने दोष झाकले जातात.

बाटली नुसती कागदात गुंडाळून भागत नाही. गळ्याची पन्नी आणि स्क्रू कॅप चुगली करतात. एकाने आत ओतून नुसते ग्लास बाहेर पाठवावेत, त्याने स्वतः गुण देऊ नयेत, म्हणजे चाखणाऱ्या सहांव्यतिरिक्त सातवा माणूस धरा. ग्लासांना १, २, ३ नको, ४१७, ८५२, ३९६ असे आकडे द्या. ‘१’ बघितला की मन झुकतं. तीन वाईनचे क्रम बरोबर सहाच होतात, तुम्ही सहा जण. प्रत्येकाला वेगळा क्रम. पहिल्या ग्लासाला फुकटचा फायदा मिळतो तो असा वाटला जातो.

घोटभर:
वूव्रेला ओल्या लोकरीचा वास येतो असं वाचलं. मग दोष कुठला आणि गुण कुठला हे कसं ओळखायचं?

वासकरी:
ओली लोकर, सफरचंद, क्विन्स (नासपतीसारखं सुगंधी फळ), मेण, मध: हे लुआरच्या शेनिनचं घराणंच. त्याला दोष म्हणू नका. पावसात भिजलेला पुठ्ठा वेगळा. तो बुचातल्या टीसीए नावाच्या रसायनाचा वास, फळ त्याच्याखाली गुदमरतं, आणि ग्लास १० मिनिटं ठेवला तर तो कमी न होता वाढतो. अशी बाटली बादच.

काडी पेटवून विझवल्यासारखा किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर घाई नको. ग्लास जोरात फिरवा. तरी नाही गेला तर घासलेली तांब्याची तार मिनिटभर बुडवा. वास उडाला तर गंधकाचा होता. तो ग्लास नुसता हुंगायचा, प्यायचा नाही.

आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडते ती उष्णतेने मेलेली वाईन. दुकानात एसी नाही, बाटली महिनोन्‌महिने ट्यूबलाइटखाली उभी. वर्षभरापूर्वीचीच वाईन गडद सोनेरी, वास कापून काळवंडलेल्या सफरचंदाचा, बूच किंचित वर आलेलं. ही तक्रार नाशिकच्या किंवा फ्रान्सच्या नावावर लिहू नका, ती दुकानाची आहे. स्टेलनबॉशमध्ये व्हॅनिला आणि भाजक्या पावाचा वास आला तर तो ओकच्या लाकडी पिंपाचा. तो प्रदेशाच्या खात्यात धरायचा नाही.

तळघर:
गुणांबद्दल. १०० ची पद्धत खरं तर ५० पासून सुरू होते आणि घरी तिचा उपयोग शून्य. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाची २० गुणांची पद्धत मुळात सदोष वाईन वेगळ्या काढायला बनवलेली. तुम्ही सरळ १, २, ३ असा क्रम लावा.

त्याआधी त्रिकोणी चाचणी घ्या. प्रत्येकी तीन ग्लास, २५-२५ मिली, दोनांत एक वाईन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखा. निम्म्यांना नाशिक दोनदा, निम्म्यांना स्टेलनबॉश दोनदा. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर येतोच, म्हणून सहांपैकी पाच जणांनी ओळखलं तरच फरक खरा लागतोय म्हणा. चौघांनी ओळखलं तर तो योगायोगही असू शकतो.

खरडछाटणी:
सहमत, पण नुसत्या क्रमात वाद संपत नाही. क्रमाशेजारी चार शब्द लिहायला लावा: तोल, लांबी, तीव्रता, गुंतागुंत. लांबी घड्याळावर मोजा, थुंकल्यावर फळाची चव किती सेकंद राहते ती. नुसता आंबट किंवा कडू शेवट लांबीत धरू नका. मग सहा जणांच्या क्रमांकांची बेरीज करा. ती प्रत्येक वाईनला ६ ते १८ येते. दोघींत किमान ८ चा फरक असेल तर एक सरस म्हणा, त्याखाली बरोबरी. आणि कागद गोळा झाल्याशिवाय बाटल्या बाहेर आणू नका. फ्रेंच लेबल दिसलं की खोडरबर बाहेर येतं.